सोळाव्या प्रकरणानंतरची कोरी पानं

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. बातमी अशी की बाबा पुस्तक लिहितायत. एकोणचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, त्याची हकिगत. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप करतात आणि दर रविवारी मी जाऊन त्यांची फाइल निस्तरते. आठवडाभर ऑफिसात लोकांच्या बिघडलेल्या फाइली सरळ करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी बाबांची. मजकूर मात्र मी वाचत नाही. ही आमच्या धंद्यातली खोड; समास दिसतात, माणूस काय म्हणतोय ते दिसत नाही.

पण या फाइलने मला वेड लावलं. सगळं नीट चाललेलं असताना मध्येच एखाद्या ओळीतले शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे पांगायचे. चार शब्द, आणि त्यांच्यात हातभर अंतर. मी दुरुस्त करायची, पुढच्या रविवारी नव्या ओळी पांगलेल्या. शेवटी लपलेल्या खुणा दाखवायचं बटण दाबलं. मग फाइलचं पोट उघडल्यासारखं होतं. जिथे जिथे स्पेस दिली तिथे टिंब, परिच्छेद संपला तिथे एक खूण, नुसती ओळ तोडली तिथे वाकडा बाण. बाबांच्या फाइलभर वाकडे बाण. शिफ्ट दाबलेली असताना एंटर मारलं तरच तो येतो, आणि मग वरची ओळ दोन्ही कडांना ताणली जाते. पण बाबा शिफ्ट कशाला दाबतील? म्हणून त्यांना टाइप करताना बघत बसले. उजव्या हाताला दोनच बोटं राहिलीत, तेव्हा सगळं काम डाव्या हाताने. उजवं मनगट टेकवलेलं, नेमकं शिफ्टवर. मी मनगटाखाली एक छोटी उशी शिवून दिली, ओळी सरळ झाल्या.

मग राहिली कोरी पानं. सोळावं प्रकरण संपल्यावर अडीच पानं रिकामी. मी ती काढायची, आठवड्याने परत हजर. मला वाटलं, पान तोडायची खूण असेल. नव्हती. सतराव्याच्या शीर्षकाला काही सेटिंग चिकटलं असेल. तेही नाही. खुणा उघडल्या तर एकाखाली एक एक्काहत्तर एंटर. काढून टाकले. पुढच्या रविवारी मोजले, पुन्हा एक्काहत्तरच. सॉफ्टवेअर कितीही हट्टी असलं तरी मोजून खोडी काढत नाही. बाबांना विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "तेवढं राहू दे. ती जागा त्याची आहे. माझं मी सोळाव्यात लिहिलंय. त्याचं मी कसं लिहिणार?"

तेव्हा कुठे मी सोळावं प्रकरण वाचायला घेतलं. तो नऊ वर्षांपूर्वीचा दिवस आहे. बाबा लिफ्टच्या वरच्या यंत्रात हात घालून, तू खाली स्विचपाशी. लिहिलंय, "दाब, असं मीच ओरडलो. हात अजून आत आहे याचं मला भान नव्हतं. पोराने सांगितलं तेवढंच केलं. नंतर हॉस्पिटलात मी म्हणालो की मी ओरडलोच नाही. पहिल्या दिवशी खरंच आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आठवलं. तोवर सगळे त्याला बोलून मोकळे झाले होते, आणि माझी जीभ उचलेना." मी ते तिथेच बसून तीनदा वाचलं. बाबा पलीकडे खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मी म्हणाले, त्याला कळवलंत का? तर म्हणाले, "कोणत्या तोंडाने कळवू?"

हे पत्र लिहायला त्यांनी सांगितलेलं नाही. ते प्रकरण सोबत जोडलंय. एकही शब्द बदललेला नाही, शुद्धलेखनसुद्धा त्यांचंच आहे. तुला लिहायचं असेल तर लिही, शिव्या घातल्यास तरी मी आहे तशा छापेन. नसेल लिहायचं तर पानं कोरीच जातील, मी हात लावणार नाही. पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुझा दंड धरून विचारलं होतं, खरं सांग. तू म्हणालास, "ताई, मला 'दाब' असं ऐकू आलं." तू खरं सांगितलंस आणि मी तुला खोटारडा म्हणाले. बाबांचं त्यांनी लिहिलंय. हे माझं आहे. माझं चुकलं, रे.

तुझीच,
ताई