माळ्यावरचा कासरा

अप्पा,

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली, कपाळाला विभूती लावली आणि चहा घ्यायच्या आधी मी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला स्वतःला टांगून घेतलं. तुम्ही दचकाल म्हणून लगेच सांगतो, तसलं काही नव्हतं. आमच्या टॉवेलच्या कारखान्यातले वायरमन खांबावर चढताना कमरेला जो पट्टा बांधतात, तो मी एक दिवसासाठी मागून आणला होता. माणूस खरोखर निसटला तर पट्टा त्याला कसा धरतो, ते बघायचं होतं. फांदीवरून दोर घेतला, पट्ट्याच्या कडीत अडकवला, स्टुलावर उभा राहिलो आणि तुमच्या सुनेला स्टूल ओढायला सांगितलं. तुम्ही तिला कधी बघितलं नाही. ती हसून म्हणाली, "शेजारच्या बायका बघायल्यात की. पन्नाशीला आलेला बाप्या झोका खेळायलाय म्हणतील." तरी तिनं स्टूल ओढलं. पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होते. पण सगळं अंग पट्ट्यावर आलं तसा मी दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा मधोमध दुमडलो. एकीकडे डोकं, एकीकडे पाय, आणि पोट पट्ट्यात आवळलेलं. श्वास बाहेर गेला तो परत आत येईना. ती हातभर अंतरावर उभी होती आणि मला तिला हाक मारता येत नव्हती. माझं तोंड बघून तिचं हसू थांबलं आणि तिनं स्टूल पायाखाली सरकवलं. मग मी झाडाखाली बसून राहिलो. चहा गार झाला. ती विचारत होती, "काय झालं? लागलं का कुठं?" मला काही लागलं नव्हतं. तुम्ही कसे गेलात, ते मला त्या सकाळी कळलं.

हे सगळं अण्णासाठी चाललं होतं. तुमचा थोरला मुलगा आता तुमच्यापेक्षा म्हातारा झालाय. वस्तीसमोरच्या त्याच बाभळीवर तो अजून पिकाच्या राखणीसाठी माळा बांधतो. फळ्या बदलल्या, फांद्या त्याच आहेत. तुमच्या वेळी पाखरं राखायची होती. आता पाखरं तर आहेतच, शिवाय ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीतून रानडुकरं येतात, तीही सूर्य मावळायची वाट न बघता. तारेचं कुंपण करून बघितलं, ती खालून उकरून आत शिरतात. म्हणून अण्णा दुपारची भाकरी खाऊन वर चढतो तो अंधार पडेपर्यंत डबा वाजवत बसतो. त्याला साखरेचा आजार आहे, गोळ्यांनी डोळा लागतो. मागच्या हंगामात बसल्या जागी पेंगला आणि सरकला. हाताला फांदी सापडली म्हणून वाचला. वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. "तुमचा भाऊ तुमीच सांभाळा, भावजी. माझं ऐकायचं न्हाय असं त्येनं ठरवूनच ठिवलंय." त्याला चांगला पट्टा आणून द्यायचा, एवढंच मी तेव्हा ठरवलं होतं.

तो दिवस मी आजवर फार कमी वेळा आठवलाय. ज्वारी हुरड्यात आली आहे. मी शाळेतून पाटी-दप्तर घेऊन बांधावरून येतोय आणि वस्तीवर माणसं जमलेली दिसतात. तुम्हाला खाली घेतलेलं आहे, घोंगडीवर ठेवलेलं आहे. अंगावर खरचटल्याची खूण नाही. कमरेला आमच्या आईनं, अव्वानं दिलेला बैलाचा कासरा अजून तसाच आहे. ती रोज दुपारी तो तुमच्या हातात द्यायची, आधी स्वतःच्या कपाळाला लावायची. तुम्ही तो छातीशी न बांधता पोटावर बांधायचात, कारण छातीवर लिंग, त्यावर दोर कसा आवळायचा? वर बसल्या बसल्या तुमचा डोळा लागला असेल. तुम्ही सरकलात आणि कासऱ्यानं तुम्हाला अधांतरी धरलं. कोण जाणे किती वेळ. जमलेल्यातला एक म्हातारा अव्वाला म्हणतो, "रडू नगं. पुण्यवान माणूस. देवानं भुईला लागू दिलं न्हाय." छातीत कळ येऊन वरच प्राण गेला असं सगळ्यांनी धरलं आणि आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला शेताच्या कोपऱ्यात बसत्या समाधीत ठेवलं. अव्वा त्या एका वाक्यावर जगली. ज्या दोरानं नवऱ्याला पडू दिलं नाही तो दोर तिनं दिला होता. तिच्याकडे तेवढंच होतं. आणि तोच कासरा ती आता रोज दुपारी अण्णाच्या हातात देते.

त्याच आठवड्यात मी बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. हेल्मेट, हातमोजे, पट्टे विकणारं दुकान. मालक आपल्याकडच्या दखनीत बोलणारा, तोंडात सुपारी. "किसके वास्ते होना, काका? खंबे पे चढते क्या?" म्हटलं, नाही, झाडावर बसायचंय. "बैठने कू बेल्ट? कुर्सी ले जाव ना!" म्हणून तो नोकराकडे बघून हसला. मी कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला तसा गंभीर झाला. "वो नक्को लेव. उसमें आदमी गिरता नै, पर लटक के मरता." इतक्या सहज म्हणाला. मग त्यानं सगळ्या अंगाचा पट्टा काढून माझ्या अंगावर चढवून दाखवला. दोन पट्ट्या मांड्यांना, दोन खांद्यांवरून, कडी पाठीवर. भार मांड्यांवर येतो, पोट मोकळं राहतं. वरचा दोर डोक्याच्या वर, खोडाला घट्ट बांधायचा आणि आखूड ठेवायचा, म्हणजे माणूस पडला तरी हातभरच पडतो. लटकून राहावं लागलं तर पाय बधिर होतात, म्हणून पाय टेकायला एक फासा जवळ ठेवायचा. मला सगळं पटत होतं, फक्त छातीवरची आडवी पट्टी बरोबर लिंगाच्या डबीवर येत होती. मी नकळत तिथं हात धरला. त्यानं तो पट्टा ठेवून दुसरा काढला, त्याची वरखाली सरकणारी पट्टी गळ्याच्या बाजूला नेऊन बसवली आणि म्हणाला, "अब देव को दबता नै. ले जाव." त्या दुकानातून निघताना मला फार बरं वाटत होतं. गेल्या कित्येक महिन्यांतलं तेवढंच एक बरं वाटणं.

रविवारी पट्टा घेऊन वस्तीवर गेलो. अव्वा ओट्यावर बसली होती. तिला आता लांबचं नीट दिसतं, जवळचं नाही. ओट्यावरून समोरची बाभळ आणि माळा दोन्ही दिसतात, म्हणून ती दुपारभर तिथंच असते. पट्टा चाचपून म्हणाली, "ह्यो कसला साज? बैलाचा का घोड्याचा?" अण्णा म्हणाला, "तुझ्या धाकट्यानं मला नवरदेव करायचं ठरवलंय." सगळे हसले. मी समजावून सांगायला लागलो, मांड्या, खांदे, कडी. अव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "का रे, आपला कासरा कमी पडायला व्हय? त्यानं तुज्या अप्पाला खाली पडू दिलं न्हाय." काय सांगणार होतो? दुकानदारानं सुपारी चघळत सांगितलेलं वाक्य मी तिच्यासमोर कसं उच्चारणार होतो? अण्णानं पट्टा गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. "साकु," म्हणाला, म्हणजे पुरे. आणि अव्वानं दिलेला कासरा घेऊन निघाला.

मी त्याच्या मागं शेतात गेलो. ज्वारी छातीला लागत होती. माळ्याखाली थांबवून म्हटलं, अण्णा, एक सांगायचंय, ऐकून घे. अप्पा छातीच्या कळेनं गेले नाहीत. अर्धं सांगून झालं होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "मला म्हाईत हाय." म्हटलं, कसं काय? "मीच सोडवलं की त्यास्नी. तू शाळेत हुतास. तोंड काळंनिळं पडलेलं. नखांनी दोराची गाठ वरबाडलेली. झोपेत गेलेला माणूस गाठ वरबाडतो व्हय?" म्हटलं, कुणाला बोललास? "कुणाला बोलू? तिला?" त्यानं ओट्याकडं बघितलंही नाही. मग मी चिडलो. तुला माहीत असून तू तोच दोर तिथंच बांधतोस? पट्टा घाल, वरून कासराही बांध, तिला कुठं कळतंय. तो कणसं न्याहाळत म्हणाला, "दोन्ही घातलं तर ती म्हणंल, एक का पुरला न्हाय. आज म्हणंल, उद्या इचार करंल, परवा तिला उमगंल. तुला वाटतंय तिचं डोस्कं गेलंय? तुज्यापरीस ताजं हाय." म्हटलं, आणि तू पडलास तर? त्या वेळी ती काय विचार करेल? तो कासरा पोटाला बांधत वर चढला. वरून म्हणाला, "जागा राहतो की. तू जा, तुजी गाडी चुकंल." थोड्याच वेळात डबा वाजायला लागला. बांधावरून जाताना मी मोजत होतो असं नाही, पण डबा थांबला की माझे पाय थांबत होते. मी तुमच्या समाधीपाशी जाऊन उभा राहिलो. मला वाटलं होतं, काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही. तिला सांगावं तर ती जाते, न सांगावं तर अण्णा जातो, आणि तुम्ही माती होऊन त्याच रानात बसलेले. देवाकडे काय मागायचं हेच मला कळेना, म्हणून मी नुसता हात जोडून परत आलो.

काल सकाळी पहिल्या एसटीनं वस्तीवर गेलो, गोठ्यातली करवत घेतली आणि माळा काढला. अण्णा धारा काढून आला, खाली उभा राहून बघत राहिला. त्यानं मला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. फक्त शेवटची फळी सुटून माझ्या डोक्यावर येत होती, ती त्यानं हात वर करून धरली. ज्या दोन फांद्यांवर फळ्या टेकतात त्याही मी कापल्या, म्हणजे पुन्हा बांधता येणार नाही. "ह्या साली ज्वारी न्हाय आता," एवढंच तो म्हणाला. ते खरंच आहे. आता तो बांधावर उभा राहून डबा वाजवणार. डुक्कर अंगावर आलं तर पळण्याजोगे त्याचे गुडघे नाहीत, हेही मला कळतं. मी त्याला वाचवलंय असं मी म्हणणार नाही. फार तर त्याचं मरण मी एका झाडावरून खाली आणलंय. हे तुमच्या समाधीपाशी बसून वाचून दाखवावं असं मनात होतं, पण ती जागा ओट्यावरून दिसते, आणि काय वाचत होतास ते अव्वा विचारणार. म्हणून लिहून झालं की घडी घालून पेटीत ठेवतो. काल माळा काढून झाल्यावर अव्वानं ओट्यावरून विचारलं, "कशापायी काढला रे?" फळ्या लोखंडासारख्या निब्बर होत्या, मी त्या आधीच गोठ्यामागं नेऊन झाकल्या होत्या. म्हटलं, "वाळवी लागली होती, अव्वा. बसण्याजोगा राहिला नव्हता." ती म्हणाली, "मग बरं केलंस." सकाळीच पूजा करून गळ्यात घातलेलं लिंग छातीवर होतं, आणि मी तिला खोटं सांगितलं, अप्पा. सांगताना माझा आवाज जराही हलला नाही.