डाव्या हाताचे घट्टे

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून सिरियस. कृष्णराजचा फोन आला. त्याच्या मेटल बँडचा लीड गिटारिस्ट नोकरी लागून पुण्याला गेला. चोवीस तारखेला धाराशिवला ट्रायल. मी फोनवरच सांगितलं, जागा भरली समज. कॉलेजात हाच मला लीड न देता मागं साथीच्या ऱ्हिदम गिटारला बसवायचा. आता बघू म्हणावं. आमच्या बेंबळी गावात दुसरा लीड गिटारिस्ट नाही, म्हणजे या भागात पहिला नंबर माझाच.

४ नोव्हेंबर
मायनर पेंटाटॉनिक स्केल झाली. पाचच तर सूर. लोक यात वर्षं का घालवतात कळत नाही.

६ नोव्हेंबर
व्हिडिओतले सर म्हणतात, ठोके देणारा मेट्रोनोम साठवर लावा आणि हळूहळू वाढवा. हे नवशिक्यांसाठी. मी डायरेक्ट एकशेऐंशीवर लावला. तो माझ्या पुढे निघून गेला. ॲप बिघडलंय.

करंगळी ऐकत नाही. तिला वगळून सोलो तीन बोटांत बसवणार. प्रत्येकाची आपली स्टाइल असते.

९ नोव्हेंबर
आज फ्रेजिंग. सर म्हणाले, सोलो म्हणजे बोलणं, वाक्य संपलं की श्वास घ्या. मी घेतला. धाकटी बहीण दीपमाला दारातून म्हणाली, दादा, इसरलास व्हय? सांगितलं, याला फ्रेजिंग म्हणतात. तर म्हणे, मग लईच फ्रेजिंग व्हायलंय की. घरात कलेचं वातावरणच नाही.

१२ नोव्हेंबर
घट्टे आले! डाव्या हाताच्या तीन बोटांना, कडक. आता तार टोचत नाही, तार ओढून सूर चढवायचा तो बेंड पूर्ण जातो. इतका आनंद बीएस्सीच्या निकालाला नव्हता झाला.

संध्याकाळी चंद्रीनं लाथ मारली. बादली पालथी. आण्णांचा खांदा निखळल्यापासून म्हशीची धार माझ्याकडे आहे. आईला ती कासेला हात लावू देत नाही. काहीतरी चावलं असेल तिला.

१३ नोव्हेंबर
चंद्रीनं पान्हाच सोडला नाही. आण्णांनी माझी बोटं चाचपून बघितली. म्हणाले, ही बोटं हायेत का कानस? सडाला टोचायलंय तिच्या. मी कला, साधना वगैरे बोललो. ते म्हणाले, डेअरीत तुझ्या कलेला फॅट लागत न्हाय.

१५ नोव्हेंबर
उपाय सापडला. धार फक्त उजव्या हातानं. चंद्री अर्ध्यातच कंटाळून खाली बसली.

१७ नोव्हेंबर
आईनं वाटीभर लोणी दिलं. म्हणाली, बोटाला चोळ अन् मग कासेला हात लाव. तात्पुरतं करतोय. चंद्री गप उभी राहिली.

नंतर गिटार घेतली. बेंड करताना तार बोटाखालून निसटली. पुसली. परत निसटली. अख्ख्या गिटारला लोण्याचा वास. मांजर तासभर ॲम्पजवळ बसून होतं. त्याला संगीताची जाण असावी.

२१ नोव्हेंबर
घट्टे सोलून निघाले. खाली गुलाबी कातडी. तार लागली की डोळ्यांत पाणी येतं. लागल्यामुळे नाही, रागामुळे. साबण लावला, राख लावली, काही उपयोग नाही. आण्णांना सरळ विचारलं, या घरात म्हैस राहणार की मेटल? त्यांनी लगेच उत्तर दिलं. इथं लिहिण्यासारखं नाही.

२३ नोव्हेंबर
सोलो तयार. डोक्यात एकदम क्लीन वाजतो. फक्त हातापर्यंत पोचायचा राहिलाय.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळी
ट्रायल झाली. सकाळची धार काढून, हात तीनदा धुऊन गेलो होतो. पहिल्याच बेंडला तार निसटली. दुसऱ्याला बोट कापलं. मग फ्रेजिंग घेतलं. जरा मोठं झालं. ड्रमवरच्या रामहरीला वाटलं संपलं, त्यानं टाळ्या वाजवल्या.

कृष्णराजनं चहा पाजला. म्हणाला, मनावर घेऊ नको गड्या, ऱ्हिदमला पण आता माणूस हाय आमच्याकडं. मी ऱ्हिदमचं विचारलंच नव्हतं. विचारणार होतो.

एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो. लई वाईट वाटलं.

२५ नोव्हेंबर
चंद्रीनं बादली भरून दूध दिलं. शेपूटसुद्धा हलवलं नाही. आण्णांनी माझा डावा हात हातात घेतला, बोटांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, आता कसं, लेकराच्या हातावानी झालाय. आईनंही बघितला. दीपमालानंही. या हाताचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

आण्णांचा खांदा बरा झालाय. मी बादली त्यांच्याकडे द्यायला गेलो, तर म्हणाले, असू दे, चंद्रीला आता तुझाच हात आवडायलाय. इथून पुढं तूच बस.

म्हणजे जागा मिळाली. पर्मनंट.