थरथरणारा शेवटचा आकडा

गुरुवार, संध्याकाळ

"तू जरा बाहेर जा बघू," असं लॅबमधली मृणाल म्हणाली आणि तिथून सगळंच बदललं. काय बदललं, ते मात्र अजून कळत नाहीये.

मांजरी गावातल्या आमच्या लॅबमधला बारीक वजनं मोजणारा काटा आठवडाभर वेड्यासारखा वागतोय. काही न ठेवताही शेवटचा आकडा थरथरतो. खालच्या पिठाच्या गिरणीच्या हादऱ्यांचाच दोष, असं मी ठरवूनच टाकलं. आज जाऊन भांडलो. गिरणीवाले काका शांतपणे म्हणाले, "गिरणी सोमवारपासून बंद हाय. आवाज तुमचाच येतोय तेवढा."

तणतणत वर आलो. मृणाल काट्यासमोर वजन घेत बसली होती. नेहमीसारखा तिच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिलो. कॉलेज अर्धवट सोडलं, पण या नोकरीत टिकलोय तो त्या जागेसाठीच. आकडा पुन्हा थरथरला. तिने वळून बघितलं.

"अरे, तू जरा बाहेर जा बघू. अंगाच्या उष्णतेनेसुद्धा हवा हलते. काट्याला तेवढंही चालत नाही. आणि तू रोज इथेच उभा."

रोज? म्हणजे तिच्या लक्षात आलं होतं? मग आधीच का नाही हाकललं? चिडू की खूश होऊ?

"परत कधी येऊ?"

"मी बोलावते."

खरंच बोलावेल? की हाकलायची सभ्य पद्धत? तोंडावर विचारणार होतो, पण ती पुन्हा त्या आकड्याकडे बघत होती. एरवी दार आपटूनच गेलो असतो. आज श्वास रोखून बाहेर पडलो आणि कडीसुद्धा वाजणार नाही इतक्या हळू दार लावलं.