वरून मूठभर

पांढुर्णा, मंगळवार, दिवेलागण

कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत कुसुम आणि मी बिस्किटाचा एक पुडा वाटून खायचो. दोघींचं पोट भरायचं. आज तीच कुसुम माझ्या दुकानात तोच पुडा तळहातावर तोलत म्हणाली, "काय वं, तूबी लुटून राहिली का आता? किंमत तेवढीच, अन् पुडा हलका!"

हसतच म्हणाली, पण चार गिऱ्हाइकांसमोर. मी म्हटलं, "महागाई आहे, बाई."

खरंच महागाई? साखर, डिझेल महागलं तेव्हा पुडा हलका झाला, हे समजू शकते. मग साखर उतरली तेव्हा तो पुन्हा जड का नाही झाला? कंपनीला कोण विचारणार? बोलणी मला. पुडा ठेवला नाही तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात, ठेवला तर मी लुटारू. कुसुमच्याही नजरेत?

सासूबाई दुकानात बसायच्या तेव्हा सुटा माल तोलून झाल्यावर प्रत्येकाला वरून मूठभर द्यायच्या. बंद पुड्यात मी मूठ कुठे घालू?

सूनबाईला सांगून ठेवायचं. कुसुमला शेंगदाणे, तोलून झाल्यावर वरून मूठभर. तिच्या नातीला गुळाचा खडा. आणि कंपनीचा माणूस आला की त्याला चहा, नेहमीच्याच कपात, पण अर्धा.