जिवंत माद्या आणि साहेबाचं बी

मी मेल्चोरा, कै. तिबुर्सिओ विणकराची बायको, राहणार सान मार्सिआल, वाहाका प्रांत, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते. अक्षरं गावच्या निकानोर लेखनिकाची, शब्द माझे. गुडघे गेले, दात गेले. डोकं आणि जीभ जागेवर आहेत. शंका असेल त्यानं सुनेला विचारावं. मी कोणाच्या धाकाखाली नाही. निकानोर माझ्या धाकाखाली आहे.

१. मला नवऱ्याच्या डाव्या हाताला पुरावं. उजवीकडे सासूबाई आहेत. एकदा झालं तेवढं पुरे.

२. घर, पाटा-वरवंटा आणि टर्की मुलगा क्रिस्पिन याला. टर्की निवडुंगाजवळ सोडू नये, पानांवरचे किडे खाईल; त्यांच्याच लाल रंगात राजाचे अंगरखे रंगतात. शेजारच्या बेनिताच्या कोंबडीनं माझ्या तीन पानांवरचे किडे टिपले होते. मी ओरडले, "बेनिता, तुझी कोंबडी राजाचा अंगरखा खाऊन गेली!" म्हणते कशी, "मग लाल अंडी घालेल, तुलाच देईन." एकही दिलं नाही. तिला क्षमा केली. वस्तू काही नाही.

३. निवडुंगाची बाग आणि किडे झाडायचा हरणाच्या शेपटीचा कुंचला नात एउफेमिया हिला. तिच्या हातून किडा फुटत नाही. क्रिस्पिन झाडतो तेव्हा खाटीकखाना होतो.

४. आता माद्या. पावसाळाभर आम्ही तोडलेल्या पानांवर किरमिजी किड्यांच्या माद्या टोपलीत, घरात जगवतो. उघडीप झाली की पुन्हा बागेत सोडतो. पुढचं सगळं पीक त्यांचं. रंगासाठी व्यापारी कंपनीला जातात ते मेलेले, वाळलेले. कंपनीचा नवा कारकून दॉन फाउस्तो त्यांना बी समजतो. गेल्या साली मूठभर कुंडीत पेरून दोन महिने पाणी घातलं. "आजी, कोंब का येत नाही?" म्हटलं, "साहेब, त्याला गाणं म्हणा." म्हणतो बिचारा.

पण 'चांगल्या बियां'साठी त्यानं क्रिस्पिनला खेचर कबूल केलं.

"जिवंत माद्या देणार होतास?"

"एक टोपली गेली तर काय बिघडतं, आई?"

"गाढवा, ती जहाजावर चढली की दुसऱ्या मुलखात बागा लागतील. मग या गावाला कुत्रं तरी विचारेल का?"

म्हणून जिवंत माद्या एउफेमियाच्या. टोपली मंगळवारीच डोंगरावर पोचली आहे, कोणी शोधू नये. क्रिस्पिनला वाळलेल्या किड्यांची थैली, नीट चाळलेली. ती साहेबाला देऊन खेचर घ्यावं. दात बघून घ्यावं.

५. माझी मोठी कुंडी दॉन फाउस्तोला.

वाचून दाखवलं, माझंच आहे. सही येत नाही, फुली मारली.

साक्षीदार:

बेनिता. क्षमेचं ऐकून रडली, अंड्यांचं ऐकून थांबली. फुली.

दॉन फाउस्तो. आमची भाषा येत नाही. मी त्याची बाजारापुरती बोलते. "आजी, यात माझं नाव आहे?" "आहे ना साहेब, बियांसकट आहे." खूश होऊन झोकदार सही केली.

सान मार्सिआल, ३ सप्टेंबर १७७४