बोल्टमधलं तेल

उत्तर मिशिगन,
२ नोव्हेंबर १९८६

प्रिय ऑन्नी,

खुशाल असशील. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमीच. घोटाभर बर्फ पडलाय. आज वेलदोड्याचा पाव केला तर म्हणाले, "दगड झालाय." आणि चार तुकडे खाल्ले.

तू डेट्रॉईटला गेलास त्याला नऊ वर्षं झाली. नाताळला फोन करतोस, हवापाणी विचारतोस, ठेवून देतोस. मीही हवापाणीच सांगते. आज मात्र बंदुकीबद्दल लिहायचंय, म्हणून तर पावाचं पुराण लावलं.

ती दारावर टांगलेली असते ना, तीच. तू जाण्याआधीच्या त्या शिकारीपासून बाबांनी ती रानात नेलेलीच नाही. गेल्या आठवड्यात पुसायला काढली आणि पडवीतच विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदुकीचा बोल्ट मागे ओढला तर चिखलात रुतल्यासारखा जड. रिकामीच आहे ना ते दोनदा बघितलं, चाप ओढला. आतून नुसतं मेंगळट खट्ट.

बोल्ट काढून स्वयंपाकघरात उघडला. आतल्या, काडतुसावर आपटणाऱ्या पिनेवर, स्प्रिंगवर तपकिरी चिकट राप. बोट लावलं, वास घेतला आणि ओळखलं. आपल्या लाकूडतोडीच्या करवतीचं तेल होतं ते, ऑन्नी. साखळीला घालतो ते.

मीच घातलं होतं. शिकारीच्या हंगामाच्या आदल्या संध्याकाळी. बाबा पहिल्यांदाच त्यांची बंदूक तुझ्या हाती देणार होते, म्हटलं माझ्या भावाला बोल्ट लोण्यासारखा सरकला पाहिजे. चुलीजवळ सरकलाही. पहाटेच्या थंडीत ते तेल गोठलं, पिन रेंगाळली, आणि चाळीस पावलांवर तो बारा टोकांच्या शिंगांचा हरणाचा नर तुझ्याकडे बघत उभा राहिला. खट्ट. पुन्हा खट्ट.

मग शिकारीच्या सगळ्या कॅम्पसमोर बाबा बोलले, "हात लटपटले याचे. चाप ओढायलाही जिगर लागते." लोकांनी तुझं नावच 'खट्ट' ठेवलं. मला तेलाची शंका आली होती रे! पण रात्रभर चुलीच्या उबेत टांगलेली बंदूक बाबांनी दुसऱ्या दिवशी सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे नेऊन उडवली, तर पहिल्याच झटक्यात उडाली. मी म्हटलं, सुटले. तू अडकलास ते दिसत असूनही मी तोंड शिवून बसले. याची मला लाज वाटते.

आता पिन, स्प्रिंग, सगळं रॉकेलमध्ये धुतलं. कोरडं केलं, तेलाचा थेंब घातला नाही. दोन दिवस पडवीतल्या गारठ्यात ठेवून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही उडाल्या.

तिसऱ्या आवाजाला बाबा बाहेर आले. मी सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते आत गेले आणि तंबाखूचा जुना डबा घेऊन आले. त्यात दोन काडतुसं होती, तुझी. दोन्हींच्या बुडाशी टिकलीवर पिनेची हलकी खूण, मोहरीएवढी.

"पोराने चाप ओढला होता," बाबा म्हणाले. "मी तेव्हाच पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आधीच बोलून बसलो होतो ना! चारचौघांत. मग बंदूकही उडाली, मला तेवढं निमित्त पुरलं."

मी म्हटलं, त्याला फोन करा. तर म्हणे, "फोनवर कसलं? सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच मागे घेईन. त्याला यायला सांग. आणि म्हणावं, लोकरी मोजे आण, माझे मिळणार नाहीत."

पंधराला हंगाम सुरू होतोय. चौदाला संध्याकाळी कॅम्पच्या टेबलावर सगळे जेवायला बसतील. बाबा पुढच्या महिन्यात एक्याऐंशीचे होतील. हे पाऊल ते पुन्हा उचलतील याचा मला भरवसा नाही. म्हणून ये. माझ्यावर चिडायचं असेल तर येऊन चीड, मी ऐकून घेईन.

बंदूक पडवीतच आहे, गारठ्यातून घरात आणली की तिला घाम फुटतो. बाबा रोज सकाळी कॉफीआधी बाहेर जाऊन बोल्ट मागेपुढे करून बघतात. काल विचारलं, "आज कितव्यांदा?" तर म्हणाले, "त्याच्या हातात द्यायचीय. या वेळी खात्री करतोय."

ती दोन काडतुसं बाबांनी आधीच कॅम्पच्या टेबलावर, तुझ्या जागी मांडून ठेवलीत.

तुझी वाट बघणारी, आणि आता कशालाही तेल न घालणारी,
एल्मा