पोटातली सुई

४ डिसेंबर, आष्टी
दवाखान्यातून थेट धाकट्या भावाच्या घरी. घसरून पडलो, खुबा मोडला, जालन्यात ऑपरेशन करून नवा बसवला. घरी मी एकटा, म्हणून भगवान घेऊन आला. विहिरीच्या पाण्यावरून इतकी वर्षं बोलत नव्हता. आता उठता-बसता 'दादा, दादा'. वाटणी अजून कागदावर झालेली नाही, हे मी विसरलेलो नाही.

५ डिसें.
सकाळी भ.नं पोटात सुई दिली. सिस्टरकडून शिकून आलाय म्हणे. आजवर फक्त बैलाला दिलीय. वर वॉकर धरून ओसरीत चालवतो. "पडून राह्यला तं पायात रक्ताची गुठळी होती, अन् ती वर छातीत जाती." गुठळ्या पिठल्यात होतात. मला सुखानं झोपू द्यायचं नाही, एवढंच.

८ डिसें.
पोटावर निळे डाग. पिंपळगावचे साडू बघायला आले, त्यांना सदरा वर करून दाखवले. "रगत पातळ करून राह्यला का काय ह्यो? एवढं मोठं आपरेशन, रगत वाढवायचं सोडून!" डाळिंबं ठेवून गेले. बराबर बोलले.

९ डिसें.
डॉक्टरांचा फोन आला, सुया बंद करायला सांगितल्यात, असं भ.ला ठोकून दिलं. "तू म्हणतो तं बंद." लगेच ऐकलं! एरवी शब्दानं शब्द वाढवणारा माणूस. यात काहीतरी आहे.
मी चालणंही टाळतोय. चक्कर येते म्हणतो.

१४ डिसें.
डावी पोटरी सुजलीय. गरम, टणक, दाबली की ठणकते. कुणाला बोललो नाही. भ. शेतात गेल्यावर मालिशवाल्या गफूरभाईंना बोलावलं. करडईचं तेल कोमट केलं, तेवढ्यात भ. मोबाईल विसरला म्हणून परत. पाय बघितला न् ओरडला, "हात लावू नका! चोळलं तं गुठळी वर सरकंल!"
"मैं छुआ बी नै, भाई," गफूरभाई बिचारे उठूनच उभे राहिले.
गाडी येईपर्यंत भ. नुसता दारातून रस्त्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. भांडला असता तर बरं वाटलं असतं. भीती वाटतेय मला.

संध्याकाळी, जालना
डॉ. भडकले. "सुया कुणी बंद केल्या?" म्हणजे माझी थाप भ.ला तिथंच कळली. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला, "माझ्याकडून राह्यल्या, साहेब." मग मुकाट बोलणी खाल्ली.
डॉ. गेल्यावर म्हणालो, फोनबिन काही आला नव्हता.
"कळलं."
लाज वाटली. फार वाटली.
सुई पुन्हा चालू. पायाची सोनोग्राफी व्हायचीय. सिस्टर विचारते, धाप लागते का, छातीत दुखतं का. नाही म्हणालो. अगदी खरं सांगितलं.
भ. दारात उभा होता. म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच नीट तपासा. दादाच्या बोलण्यावर जाऊ नका."